फूल येईल तेव्हा

भर दुपारी, परसात चिटपाखरू नसताना, वेलाच्या पानांतून दोन हात बाहेर आले.

नुसते हात. ना तोंड, ना धड. सावळे, मनगटापर्यंत मातीने भरलेले. ते वेलाचा एक पीळ उचलून सावकाश, अगदी मायेने, खाली घेत होते. दमयंती विहिरीवरून कळशी घेऊन येत होती, ती जागच्या जागी थिजली. कळशी मात्र हातातून सुटली आणि ठणाठणा गडगडत पायरीपर्यंत गेली.

खरं तर ओरडायला हवं होतं. पण तारापूरच्या खाडीकाठच्या त्या वाडीत भर दुपारी कोणी ओरडत नसे. ऊन डोक्यावर आलं की बायका दारं लोटून घेत. त्या वेळी कोणाचं नाव घ्यायचं नाही, कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, हे दमयंतीच्या कानात लहानपणापासून भरलेलं. आणि हा वेल तर ज्याने आणला तो माणूस समुद्रावर गेला तो परतलाच नव्हता.

"कोन... कोन हाय तिकडं?"

हात थांबले. पानं बाजूला झाली आणि एक तोंड बाहेर आलं. दाट भुवया, घामाने कपाळाला चिकटलेले केस आणि बाहेर लोंबणारी लालभडक जीभ! दमयंतीने दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले.

"पानी..." ते तोंड म्हणालं. "ओ बाई, जरा पानी द्या की. जिभंला आग लागलीया."

भुताला तहान लागते असं तिने ऐकलं होतं, पण भूत असं घाटावरचं बोलतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने बोटांच्या फटीतून पाहिलं. भुताच्या खांद्यावर सुंभाचं वेटोळं, कमरेला कोयता आणि पायात टायरच्या चपला. पाय सरळच होते. मग तिला राग आला, आणि राग आल्यावर भीती आपोआप पळाली.

"दुसऱ्याच्या परसात शिरून काय चाललंय तुमचं?"

"तुमचा पांगारा मोडून पडलाय, त्याच्याखाली ही पानवेल चेंगरली होती. मला बघवंना. म्हणलं, उतरून ठिवू. आन एक पान तोंडात टाकलं..." त्याने पुन्हा जीभ बाहेर काढली. "ही कसली ओ पानवेल तुमची? चुना न लावताच जीभ भाजली!"

दमयंतीला हसू आवरेना. तिने आत जाऊन आमसुलं आणली, अळू खाजलं की देतात तशी. तो ती चोखत ओट्यावर बसला, डोळ्यांत पाणी, आणि त्या पाण्यातूनही तिच्याकडे टकामका बघत राहिला.

त्याचं नाव वामन. मिरजेकडच्या पानमळेवाल्याचं पोर. घरात भाऊ पुष्कळ आणि मळा एवढासा, म्हणून हा बाहेर पडला होता. सदुसष्ट साल चाललं होतं, खाडीच्या पलीकडे अणुवीज केंद्र उभं राहत होतं, आणि तिथे उंचच उंच परांच्या बांधायला दोरकाम जाणणारी माणसं लागत. वामन त्यांतला एक. दिवसभर आभाळात बांबू बांधायचे आणि संध्याकाळी गावातल्या भाड्याच्या खोलीत येऊन भात रांधायचा, असं त्याचं चाललं होतं. आज सुट्टी म्हणून तो वाट फुटेल तिकडे हिंडत होता आणि वाट नेमकी ह्या परसात फुटली होती.

"आमच्याकडं पानवेलीला दर सालाला उतरवत्यात," तो सांगू लागला. "वर गेलेला वेल खाली घ्यायचा, बुडाचा पीळ मातीत गाडायचा आन शेंडा तेवढा मोकळा ठिवायचा. तुमच्या वेलाला कुणी कधी उतरवलंच न्हाई वाटतं. वर, वर, नुसता वरच बांधलाय."

"उतरवलात?" दमयंती वेलाकडे धावली. "सगळा? अहो, आत्या जीव घेईल! ह्या वेलाला तिच्याशिवाय कोनी हात लावत नाय!"

आणि तेवढ्यात रत्नाबाई आलीच.

आत्या म्हणजे उंच, ताठ बाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातभर हिरवा चुडा. दमयंतीचे आईबाप देवीच्या साथीत एकामागून एक गेले तेव्हापासून हिनेच तिला वाढवलं. तिचा नवरा विश्राम बोटीवर खलाशी होता. लग्नानंतर दुसऱ्या खेपेला त्याने मोरिशसच्या पलीकडच्या कुठल्याशा बेटावरून बिस्किटाच्या डब्यात ह्या वेलाचं एक कांडं आणलं. जाड, मांसल पानांचं. ह्याला शेंगा येतात आणि त्यांचा वास साहेब लोक आइस्क्रीमात घालतात, असं त्याने सांगितलं. पुढच्या खेपेला निघताना कांडं पांगाऱ्याला बांधलं आणि म्हणाला, "ह्याला फूल येईल तवा मी येईन." त्याची बोट परत आली. तो आला नाही. कोणी म्हणे वादळात गेला, कोणी म्हणे तिकडेच राहिला. रत्नाबाईने कोणाचंच ऐकलं नाही, कुंकू पुसलं नाही, आणि वेलाला कधी फूल आलं नाही.

आता तोच वेल मातीत वेटोळं घालून पडला होता आणि त्याचे शेंडे एका आडव्या बांबूवरून खाली लोंबत होते. रत्नाबाई पाहत राहिली.

"असाच," आत्या अगदी हळू म्हणाली. "असाच लोंबता ठेव म्हनाले होते ते." मग तिने वामनकडे मान वळवली. "तुला कोनी सांगितलं, पोरा?"

"कुनी न्हाई, मावशी. आपलं हातानंच केलं."

"हातानं..." रत्नाबाई त्याच्या हातांकडे बघत राहिली, आणि ऑक्टोबरच्या त्या उन्हातही दमयंतीच्या अंगावर काटा आला.

*

त्यानंतर वामनची वाट दर सुट्टीला त्याच परसात फुटू लागली. निमित्त वेलाचं. मोडलेल्या पांगाऱ्याचं खोड आणि शेजारचा नारळ यांच्यामध्ये त्याने बांबूंचा मांडव केला. केळीच्या सोपटाने वेल असा बांधला की पानाला ओरखडा नाही. बुडाशी पालापाचोळा घालायचा, सावली राखायची, पाणी शिंपडायचं पण तुंबू द्यायचं नाही, हे सगळं दोघं मिळून करत. दमयंती सोपट भिजवून द्यायची आणि वामन ते हातात घेताना उगीचच वेळ लावायचा.

"एवढं काय बघताय? सोपट कधी पाह्यलं नाय?"

"सोपट पाह्यलंय की..."

"मग?"

"देनारी पाह्यली नव्हती."

"बांबूवर चढा तुम्ही. खाली असलात की फार बोलता."

घरात ओटीवर एक झोपाळा होता. त्याच्या दोराला वरच्या कडीपाशी एक गाठ होती, विश्रामने मारलेली. वामन दोरकामातला माणूस, त्याचं लक्ष तिच्यावर जाणारच. गाठ मुठीएवढी, गोल, वळणात वळण गेलेलं, आणि दोराची दोन्ही टोकं कुठे गडप झालीत ते दिसेच ना. त्याने स्टुलावर उभं राहून ती चाचपली, तशी दुसऱ्या दोरावर मारून पाहिली, पण जमली नाही.

"मला येत न्हाई अशी गाठ पहिल्यांदाच बघतोय," तो कबूल झाला. "खलाशी लोकांचं कसब हाय हे."

"तिला हात नको लावू," आत्या आतून म्हणाली. "त्यांच्याबिगर कोनालाच येत नाय ती."

थंडी पडली तसं सकाळचं धुकं खाडीवरून सरळ परसात येऊ लागलं. त्या धुक्यात मांडवावर लोंबणारे वेल कोणीतरी केस मोकळे सोडून उभं असावं तसे दिसत. आणि एक वास येऊ लागला होता. गोड, ऊबदार, दूध आटवल्यासारखा, पण दुधाचा नाही. भर दुपारी यायचा. दमयंती चुलीपाशी जाऊन बघे, चूल थंड. फडताळ उघडे, त्यात काही नाही. झोपाळ्यापाशी गेलं की वास वाढायचा. झोपाळा कधी कधी हलत असायचा. वारा असेल, ती स्वतःला सांगे, आणि वारा आहे का ते बघायला मात्र जात नसे.

मग एकदा आत्याला काथ्या घ्यायला पालघरच्या बाजाराला जायचं होतं. सोबतीला दमयंती, आणि ओझं उचलायला वामन. ओझं म्हणजे काथ्याची चार भेंडोळी, ती दमयंतीनेही उचलली असती, पण ते कोणी बोललं नाही. आत्या दुकानात घासाघीस करत बसली तेवढ्यात वामनने दमयंतीला स्टेशनजवळच्या थंड पेयांच्या दुकानात नेलं. काचेच्या वाटीत पांढरं आइस्क्रीम आलं.

"खावा. ह्यात तुमच्या वेलाची शेंग असती म्हनं."

दमयंतीने चमचा तोंडाजवळ नेला आणि हात तिथेच थांबला. तोच वास. भर दुपारी झोपाळ्यापाशी येणारा.

"काय झालं? गार लागलं?"

"वामन..." तिने पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारली. "हा वास आमच्या घरात येतो. रोज येतो. पन आमच्या वेलाला तर अजून शेंगच नाय. कधी आलीच नाय."

वामनची भुवई वर गेली. थट्टा करायला उघडलेलं तोंड तिचा चेहरा बघून मिटलं. त्याने टेबलाखालून तिचा हात धरला. तो हात सोडवून घ्यायचं दमयंतीच्या लक्षात राहिलं नाही, आणि आइस्क्रीमचं पाणी झालं.

*

पौषात कळ्या आल्या. मग एके दिवशी पहाटे पहिलं फूल उमललं. फिकट पिवळसर हिरवं, मेणासारखं, धुक्यात नीट दिसावं म्हणून कोणी आतून दिवा लावल्यासारखं.

रत्नाबाईने डोक्यावरून न्हाऊन घेतलं. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली, चुडा पुसून लख्ख केला आणि खाडीकडे तोंड करून फाटकापाशी बसली. जेवली नाही, बोलली नाही. दमयंती मागे उभी राहून कधी तिच्याकडे, कधी खाडीकडे बघत होती आणि तिला दोन्हींची भीती वाटत होती. तो आला नाही तर आत्याचं काय होईल? आणि तो आलाच... तर काय येईल?

दुपारी फूल मिटलं. संध्याकाळी भरती आली आणि ओसरली. फाटकाशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी फूल देठासकट गळून पडलं होतं.

त्या संध्याकाळी आत्या आपणहून बोलली. "वर बांधला की ह्याला फूल येत नाय. लोंबता ठेवला की येतं. ते सांगून गेले होते मला."

"मग तू सारखी वर का बांधायचीस, आत्या?"

"फूल नाय आलं तवर त्यांना उशीर नाय झाला." रत्नाबाईने कुंकवाला बोट लावून पाहिलं, आहे ना म्हणून. "आता झाला."

दमयंतीला रडू फुटलं. वामनने मायेने केलेल्या कामाने आत्याची आयुष्यभराची वाट बघणंच मोडलं होतं. त्याला हे कसं सांगणार? तिने सांगितलंच नाही.

रोज एक-दोन फुलं उमलत होती आणि गळत होती. शिमग्याच्या आधी परांच्यांचं काम संपणार होतं. ठेकेदार माणसं घेऊन घाटावर दुसऱ्या कामावर निघाला होता. वामन मांडवाखाली उभा राहिला. खांद्यावरचं सुंभ काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं.

"दमयंती, मला... म्हंजे, मी गेल्यावर ह्या वेलाचं कोन बघनार?"

"मी बघेन."

"आन तुमचं कोन बघनार?"

तिने गळलेलं फूल उचलून पदरात घेतलं.

"मला फिरवून बोलता येत न्हाई," तो म्हणाला. "बांबू बांधतो मी. बांधलं की सुटत न्हाई एवढंच ठावं हाय. माझ्याशी लगीन कराल?"

हो म्हणायला तिचं तोंडही उघडलं होतं. पण ओटीवरचा झोपाळा करकरला.

"नाय," ती म्हणाली. "नाय म्हनते ते तुमच्यामुळं नाय हो... आत्या. तिला सोडून मी कुठं जानार? आता तर तिला वेलाचाही आधार नाय. एकटी ह्या घरात ती वेडी होईल. मला तुमी आवडता, फार आवडता, पन मला विचारू नका."

"त्यांना बी संगं घिऊ."

"ती हे फाटक सोडनार नाय. जगबुडी झाली तरी नाय."

वामन गेला. फाटकापाशी एकदा वळून पाहिलं आणि धुक्यात दिसेनासा झाला. ओटीवर, खांबाच्या आड, रत्नाबाई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी वेलाखालपासून ओटीपर्यंत ओली पावलं उमटलेली होती.

मोठी, पुरुषी, बुटांची. सारवलेल्या जमिनीवर पाणी वाळून कडांना मिठाची पांढरी रेघ राहिली होती. दमयंतीने बोट लावून जिभेला लावलं. खारट. पावलं झोपाळ्यापाशी संपत होती. परत गेलेली पावलं नव्हती.

आणि आदल्या दिवशीचं फूल गळलं नव्हतं. सुकलं होतं, पण देठ घट्ट होता, चांगला तरारलेला.

"आत्या... कोन आलं होतं?"

रत्नाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. आज तिने एक भाकरी जास्त केली होती. "कोन येनार? आले ते." जणू नवरा बाजारातून आला असावा. "फुलाला हात लावून गेले. हात लागल्याबिगर ह्याला शेंग नाय धरत. आता धरेल."

त्यानंतर रोज पावलं. रोज एक फूल टिकू लागलं. फुलाच्या जागी हिरवी, घेवड्यासारखी शेंग लांबू लागली. शेजारची गोजराबाई धीर करून कुंपणापाशी आली, ती पावलं पाहिली आणि तशीच उलट्या पावली घरी गेली. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं, की रत्नाबाईचा विश्राम समुद्रातून परत आलाय. त्या पांदीतून लोक जाईनासे झाले. वामनच्या घरमालकाने त्याला बजावलं, त्या परसाकडे फिरकू नको.

अर्थात तो फिरकला. पहाटेच्या पाळीला जाताना, धुकं अजून जमिनीला धरून असताना, तो कुंपणापाशी थबकला. दमयंतीही त्याच वेळी मागच्या दाराशी उभी होती. आज बघायचंच, असं ठरवून ती अंधार फिटायच्या आत उठली होती. दोघांनी एकमेकांना पाहिलं. तो कुंपण ओलांडून तिच्याजवळ आला. बोलायला तोंड उघडतो तोच तिने त्याचा दंड घट्ट धरला.

खाडीच्या बाजूने कोणीतरी येत होतं. फदक... फदक... ओल्या रबराचा आवाज. धुक्यातून आधी बूट दिसले. गुडघ्यापर्यंतचे, बोटीवरचे, जुने. दमयंतीची नखं वामनच्या दंडात रुतली. बूट वेलापाशी थांबले. मग वर हिरवं लुगडं दिसलं, हिरवा चुडा दिसला. आत्या होती.

रत्नाबाईने बाभळीचा काटा काढला. एक ताजं फूल डाव्या हातात हलकेच धरलं. त्याच्या पोटातला पातळ पडदा काट्याने उचलला आणि अंगठ्याने वरचा पिवळा कण खाली दाबला, कुंकू लावावं तसा. एका फुलानंतर दुसरं. कितीतरी वर्षांपूर्वी कोणी दाखवलेली खूण त्या अंगठ्याला जशीच्या तशी आठवत होती.

मग ती मोडक्या पांगाऱ्याच्या खोडावर टेकली आणि वेलाशी बोलू लागली.

"विश्राम," ती म्हणाली.

दमयंतीने तिच्या तोंडून हे नाव जन्मात ऐकलं नव्हतं. त्या वाडीतली कुठलीच बाई नवऱ्याचं नाव असं उघडं घेत नसे.

"विश्राम, तू नाय येनार. मला कवाचं कळलंय. माझं मी बघून घेईन. पन माझ्यापायी ही पोर अडकली हाय रे. तू आलायस असं तिला वाटू दे. मंग ती मला सोडून जाईल. थोडे दिवस तुझे बूट घातले तर रागावू नको."

दमयंतीने पदराचा बोळा तोंडात कोंबला. वामनने तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि दोघं तसेच उभे राहिले. आत्या ते फदक फदक बूट घेऊन, पावलं नीट उमटवत, झोपाळ्याकडे गेली.

"जाऊन सांगू का त्यांना, की आपल्याला कळलं?" वामन कुजबुजला.

दमयंतीने मान हलवली. "नको. एवढं जड ओझं उचललंय तिनं माझ्यासाठी. मी ते तिच्या हातून पाडनार नाय."

दुपारी आत्याने तिला जवळ बसवलं. "हे बघ, आता ते घरात असतात. नवराबायकोच्या मधे तिसरं मानूस कशाला? वामनला निरोप धाड."

"आन काकांनी तुला त्रास दिला तर?"

"देतील थोडा. खलाशी मानूस." आत्या हसली. दमयंती तिच्या मांडीत डोकं घालून इतकी रडली, की शेवटी आत्यानेच दटावलं, माहेर सोडताना रडायला काही शिल्लक ठेव म्हणून.

माघात लग्न लागलं आणि शिमग्याच्या आधी दमयंती वामनबरोबर बोईसरला गाडीत बसली. घाटावरच्या नव्या बिऱ्हाडात ती रोज दुपारी आत्याची आठवण काढायची. वामन कामावरून येताना मुद्दाम काहीतरी चावट बोलायचा, तेव्हा कुठे ती हसायची.

*

दिवाळसणाला दोघं परत आली. फाटकापाशीच दमयंतीचं पाऊल अडलं. घरातून वास येत होता. तोच! पण आता त्याला कारण होतं. अंगणात घोंगडीवर काळ्याभोर शेंगा वाळत पडल्या होत्या. दिवसा ऊन द्यायचं, संध्याकाळी घोंगडीत गुंडाळून घाम आणायचा, हेही विश्रामनेच कधीतरी आत्याला सांगितलेलं.

रत्नाबाई ठणठणीत होती. कपाळ मोकळं होतं. दमयंतीने ते पाहिलं आणि आत्याला मिठी मारली.

"शिमग्याला त्याचे बूट होळीत टाकले," आत्या म्हणाली. "विश्रामला निरोप दिला. तुला फसवलं मी पोरी. ती पावलं माझीच होती."

"म्हाईत हाय आत्या. बघितलं होतं आमी."

आत्याने कपाळाला हात लावला. मग तिघंही हसली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"बरं झालं," आत्या डोळे पुसत म्हणाली. "आता वामना, तू एक काम कर. वेलाचा एक शेंडा नारळावर चढलाय. तुमी गेल्यावर, होळी झाल्यावर, तिथं एकच फूल आलं. मला काय तिथवर चढवत नाय. म्हटलं, हात नाय लागला, गळून जाईल. गळलंच नाय. शेंग धरली. एवढी काढून दे."

"अहो, फुलाला हात लागल्याबिगर शेंग कशी धरंल?" वामन म्हणाला.

"तेच तर म्हनते मी."

त्याने नारळाला शिडी लावली आणि वर चढला. परांच्यांवर वावरलेला माणूस, झरझर गेला. आणि वर जाऊन तसाच राहिला.

"काय झालं हो?" दमयंतीने खालून विचारलं.

"दमयंती..." त्याचा आवाज बदलला होता. "हा शेंडा कुणी बांधला?"

"कोन बांधनार? तुमीच बांधला असाल."

"मी गेलो तवा तो निम्म्यावर बी न्हवता. आन हे सोपट न्हाई. काथ्या हाय. ओला हाय. मिठानं पांढरा पडलाय." तो थांबला. "आन ही गाठ मला येत न्हाई."

दमयंतीची नजर आपोआप ओटीवर गेली, झोपाळ्याच्या कडीकडे. मुठीएवढी गोल गाठ, दोन्ही टोकं आत गडप झालेली. वामनही वरून तिकडेच बघत होता.

"सोडवू का?" त्याने विचारलं.

"नको!" रत्नाबाई जवळजवळ ओरडली. मग सावकाश नारळापाशी गेली आणि बुंध्यावर हात ठेवला. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कपाळ मोकळं करून बसलेली ती बाई लग्नातल्यासारखी लाजली होती.

"शेंगही राहू दे," ती म्हणाली. "ती माझी हाय."

वामन खाली उतरला. हात बर्फासारखे गार पडले होते. दमयंतीने ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. वर्षापूर्वी भर दुपारी पानांतून बाहेर आलेले तेच हात, तिने ते घट्ट धरून ठेवले.

आत्या वर बघत उभी होती.

"फूल आल्यावर येईन म्हनाला होता," ती नारळाला म्हणाली. "उशीर केलास, विश्राम. पन आलास."